मलप्रभेच्या काठानं पहिले शंभर पक्षी: कॅमेरा, वही आणि स्वतःची यादी

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. पुढे हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी ती खडकांतून वाहते, खानापूर आणि असोगा मागे टाकते आणि पूर्वेला सरकत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते. उगमाशी चार महिने अंगणात कपडे वाळत नाहीत, आणि धरणाशी ज्वारी-हरभऱ्याची काळी, उघडी रानं आहेत. गाडीनं एका दिवसात पार होईल एवढ्या अंतरात सदाहरित जंगल, भातशेती, माळ आणि मोठं पाणी असं सगळं लागतं. पक्षी बघायला सुरुवात करणाऱ्याला याहून सोयीचा मुलूख क्वचितच मिळेल. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली माणसं पक्ष्यांचे फोटो काढायला लांब लांब जातात, तेव्हा मला वाटतं की आधी ही एक नदी वरून खालपर्यंत बघावी. पहिले शंभर पक्षी इथेच मिळतील.

हा लेख अगदी नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. माझं सांगणं एकच आहे आणि ते लेखभर येत राहील: नोंद आधी, फोटो मग.

पहिली पायरी: वही

कॅमेरा घ्यायच्या आधी खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल घ्या. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. प्रत्येक फेरीला वर तारीख, जागा, सुरुवातीची वेळ, हवा आणि सोबत कोण होतं एवढं लिहा. खाली पक्षी आणि त्यांची संख्या. शेवटी परतीची वेळ.

संख्या लिहायचा कंटाळा येतो, पण ती लिहाच. ‘साळुंकी’ एवढंच लिहिलं तर दहा वर्षांनी त्या शब्दातून काहीच कळणार नाही. ‘साळुंकी ४०, नांगरलेल्या शेतात, ट्रॅक्टरच्या मागं’ असं लिहिलं तर तो दिवस, ते शेत, ती माती परत उभी राहते. कावळा, चिमणी, पारवाही लिहा. आज रोज दिसणारा पक्षी उद्याही रोज दिसेल असं नाही, आणि तो कधी कमी झाला हे सांगायला तुमची जुनी पानंच उपयोगी पडतील.

ओळख पटली नाही तरी लिहायचं. आकार, चोच, शेपटी, पायांचा रंग, काय करत होता, आवाज कसा होता. नाव नंतर सापडतं, पण तो क्षण परत येत नाही.

पहिला महिना घराजवळ

बेळगावात राहत असाल तर टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो पुरेसा आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, पण जुनी मोठी झाडं असल्यामुळे पक्षी भरपूर. माणसांना सरावलेले असल्यानं ते जवळून बघू देतात, हा नवख्याचा मोठा फायदा. तांबट, दयाळ, हळद्या, कोतवाल, लालबुड्या बुलबुल, शिंजीर, शिंपी, सुभग, पोपट, कोकीळ, पिंगळा यांच्यापासून सुरुवात करा. किल्ला तलावाच्या काठावर खंड्या, वंचक, पाणकावळा, टिबुकली यांची भर पडेल. गावाकडं असाल तर गावतळं आणि त्यामागची आमराई हीच तुमची जागा. आठवड्यातून दोनदा त्याच जागी, त्याच वाटेनं जा.

एकाच जागेचा आग्रह मी मुद्दाम धरतो. डोळ्याला मापं लागतात. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा ही चार मापं पक्की झाली की नवीन पक्षी दिसताच मेंदू आपोआप अर्ध्या शक्यता बाजूला टाकतो. ही मापं पुस्तकातून येत नाहीत. रोजचे पक्षी शंभरदा बघूनच येतात.

दुर्बीण घेणार असाल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीच्या दुर्बिणीत चित्र मोठं दिसतं, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो आणि पानांत हलणारा पक्षी सापडायला वेळ लागतो. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर आधी दुर्बीण घ्यावी, कॅमेरा वर्षभरानं.

कॅमेरा

तरीही सगळ्यांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच असतो, म्हणून सविस्तर सांगतो.

दोन वाटा आहेत. एक, न बदलणाऱ्या भिंगाचा लांब झूमवाला कॅमेरा. निकॉनच्या पी९५० मध्ये ८३ पट झूम मिळतो आणि त्याचं वजन साधारण एक किलो आहे. जलाशयावर लांब बसलेलं बदक ओळखण्याइतपत फोटो त्यातून सहज येतो. त्याचा सेन्सर लहान असल्यामुळे जंगलातल्या अंधारात मात्र चित्र दाणेदार होतं आणि उडता पक्षी पकडणं कठीण जातं. दुसरी वाट म्हणजे भिंग बदलता येणारा कॅमेरा. त्यावर ७०-३०० मिलिमीटरचं भिंग सुरुवातीला चालतं, पुढे १०० ते ४०० किंवा १५० ते ६०० चं. हे जड आणि महाग आहे. जुनं भिंग घेणार असाल तर ते उजेडाकडं धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका.

आता सेटिंग. शटरचा वेग हा पहिला विचार. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, चळवळ्या शिंजिराला १/१०००, उडत्या बगळ्याला १/१६०० किंवा त्याहून जास्त. हातात धरून काढताना भिंगाच्या लांबीपेक्षा शटरचा आकडा कमी ठेवू नका. ३०० च्या भिंगाला, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १/५०० हा किमान आकडा धरा. भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा, म्हणजे एफ ५.६ किंवा ६.३, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, कॅमेऱ्यावर सोडा. नवखी माणसं आयएसओ वाढायला घाबरतात. दाणेदार फोटोत पक्षी ओळखता येतो, हललेल्या फोटोत येत नाही.

फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. पूर्ण चौकटीतला फोकस कॅमेऱ्यावर सोडला तर तो पुढच्या काटकीवर जाऊन बसतो. तुमच्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर उत्तमच, पण दाट फांद्यांत तीही फसते.

उजेडाची चूक सगळ्यांची होते. उन्हात बसलेला गायबगळा पांढराफटक येतो, पिसं दिसतच नाहीत. तिथं एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, पाऊण ते एक पायरी खाली घ्या. उलट, आकाशासमोर फांदीवर बसलेला पक्षी नुसता काळा येतो. तिथं एक पायरी वर. एक्सपोजर कमी-जास्त करायचं बटण न बघता फिरवता येईपर्यंत घरच्या गच्चीवर कावळ्यांवर सराव करा. कावळा काळा, चपळ आणि सावध असतो, सरावाला त्याच्यासारखा गुरू नाही.

सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे सकाळी पाण्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडं बघा. दहा वाजल्यानंतर धरणावर उन्हाची झळ उठते आणि लांब भिंगातून सगळं पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. त्या वेळचा फोटो कितीही महागाच्या भिंगानं स्वच्छ येत नाही. म्हणून धरणावर पहाटे पोचायचं आणि उन्हं चढली की वही काढून मोजणी करायची.

शेवटची गोष्ट: खाली बसा. उभ्यानं काढलेल्या फोटोत टिटवी जमिनीला चिकटलेली दिसते. भिंग तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणलं की मागचं शेत धूसर होतं आणि ती एकटी उठून दिसते. बांधावर पोटावर झोपायची लाज वाटू देऊ नका.

ओळख पटवणं

सुरुवातीच्या वर्षी मी खानापूरच्या पुढे एक पक्षी ‘शिक्रा’, म्हणजे लहान शिकारी पक्षी, म्हणून लिहिला. राखाडी पाठ, छातीवर तपकिरी पट्टे, शेपटीवर आडवे पट्टे. सगळं जुळत होतं. पुढे कित्येक महिन्यांनी तोच फोटो मोठा करून बघितला तेव्हा चोच दिसली. शिकाऱ्याची आकडी नव्हती, सरळ होती, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं होतं. तो पावशा होता. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडतो तोच. त्याचं रूप शिक्र्याशी इतकं मिळतं की लहान पक्षीही फसतात. मी यादीतली ती ओळ खोडली, त्याच तारखेला ‘पावशा’ लिहिलं आणि शिक्र्याची जागा पुन्हा रिकामी केली. ती भरायला आणखी बरेच दिवस लागले.

म्हणून नवख्यांना सांगतो: सुंदर फोटोच्या आधी पुराव्याचा फोटो काढा. दिसताच, लांबून, जसा येईल तसा एक. मग दोन पावलं पुढे जाऊन दुसरा. पक्षी उडाला तर ओळखायला काहीतरी हातात राहतं. शक्य असेल तर समोरून, बाजूनं आणि उडताना असे तीन कोन मिळवा. पंखांखालची नक्षी बसलेल्या शिकारी पक्ष्यात दिसतच नाही.

फोनवर मर्लिन हे ॲप घ्या आणि भारतातल्या पक्ष्यांचा संच आधीच उतरवून ठेवा, कारण जांबोटीच्या पुढे नेटवर्क टिकत नाही. फोटोवरून आणि आवाजावरून ते नाव सुचवतं. मात्र ‘सुचवतं’ हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या जंगलात भृंगराज आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके असलेला, आणि तो पाच-सहा पक्ष्यांच्या नकला एका दमात करतो. हरेवाही नकलाकार आहे. ॲपनं आवाजावरून नाव दाखवलं म्हणून तो पक्षी यादीत लिहू नका. त्या दिशेला बघा, थांबा, डोळ्यानं खात्री करा.

नावांची इथं वेगळीच मजा आहे. आपल्याला मराठी नाव, पुस्तकातलं इंग्रजी नाव आणि शेतातल्या माणसाचं कन्नड नाव अशी तिन्ही लागतात. सौंदत्तीकडं ‘पक्षी’पेक्षा ‘हक्की’ म्हटलं की समोरचा लगेच बोलतो. नविलु म्हणजे मोर. नविलुतीर्थ हे नाव त्यावरूनच. मिंचुळ्ळी म्हणजे खंड्या, बेळ्ळक्की म्हणजे बगळा, गीजग म्हणजे सुगरण, केंबूत म्हणजे भारद्वाज. टिटवीला टिट्टिभ म्हणतात, ते सांगायला दुभाष्या नको. पण घोटाळेही होतात. आपण धोबी म्हणतो तो शेपटी हलवत पाणथळीवर चालणारा पक्षी. कन्नडमधला मडिवाळ, म्हणजे परीटच, हा आपला दयाळ. म्हणून वहीत तीन रकाने ठेवा. ऐकलेलं नाव ऐकलं तसं लिहा, कुठल्या गावात ऐकलं तेही.

स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय कुठलीही फेरी पूर्ण झाली असं मी मानत नाही. हब्बनहट्टीला एका आजोबांनी मला थांबवलं होतं. “काय बघायलाय ओ?” “पक्षी, आजोबा.” “ते शीळ घालतंय ते? पाऊस लागला की वढ्यात येतंय बघा. पहाटे या.” ते शीळकरी कस्तुराबद्दल बोलत होते. गडद निळा, कपाळावर झळकता पट्टा, आणि एखादं पोर उगाच शीळ घालत चाललंय असा आवाज. मी जूनच्या शेवटी पहाटे गेलो आणि तो त्यांनी दाखवलेल्या दगडावरच मिळाला.

यादीचे नियम आधी ठरवा

आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या प्रत्येक प्रजातीची यादी म्हणजे आपली जीवनयादी. पक्षीवाले तिला ‘लाइफ लिस्ट’ म्हणतात आणि तिच्यात नवा आलेला पक्षी म्हणजे ‘लायफर’. नियम तुमचे तुम्ही ठरवायचे, पण एकदा ठरवून पाळायचे.

माझे सांगतो. पक्षी जिवंत, मोकळा आणि रानटी असावा. भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातला पक्षी मोजायचा नाही. त्याच आवारातल्या झाडावर आपणहून आलेला सुतार पक्षी मोजायचा. फक्त ऐकलेला पक्षी मी वेगळ्या खुणेनं लिहितो आणि दिसेपर्यंत आकड्यात धरत नाही. काहीजण धरतात, त्यात चूक नाही. रातवा वर्षानुवर्षं नुसता ऐकूच येतो. फोटो नसलेला पक्षी मात्र मी मोजतो. डोळ्यानं नीट बघितला आणि ओळख पक्की असेल तर फोटोची अट कशाला? ही अट घातली की माणूस पक्षी बघायचं सोडून भिंगामागं धावतो.

वहीतल्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. हे २००२ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेनं आणि अमेरिकेतल्या ऑडुबॉन संस्थेनं सुरू केलं, मोफत आहे. प्रत्येक फेरीची वेगळी यादी करा आणि दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांबची वाट एका यादीत कोंबू नका. ‘ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का?’ असा प्रश्न येतो. त्याला ‘हो’ म्हणता येईल अशीच फेरी करा, कारण न दिसलेल्या पक्ष्यांचा अर्थ त्यावरूनच लागतो. जीवनयादी, राज्ययादी, जिल्हायादी ते आपोआप मोजतं. सीमेवर राहणाऱ्यांना याचा खास उपयोग: चोर्ला घाटात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना भिडतात, एकाच सकाळी तिन्ही राज्यांच्या याद्यांत भर पडते. जागेची खूण मात्र नकाशावर नीट लावा.

त्यावरून एक छोटं लक्ष्य सुचवतो. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख, म्हणजे चास, महाराष्ट्राचा हरियाल, गोव्याचा केशरी गळ्याचा, काळ्या डोक्याचा पिवळा बुलबुल. तिन्ही आपल्याच टापूत मिळतात. चास दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात, आणि तो साधारण त्याच सुमाराला तारांवर येऊन बसू लागतो.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. शास्त्रज्ञ दरवर्षी वर्गीकरण सुधारतात. एका प्रजातीच्या दोन होतात किंवा दोघींची एक. घरबसल्या तुमचा आकडा एकानं वाढेल किंवा घटेल. नोंदीत जागा आणि तारीख असेल तर काही बिघडत नाही.

नदीच्या वरच्या टोकाला

कणकुंबी, जांबोटी, चोर्ला हा पट्टा ऑक्टोबर ते मार्च बघावा. इथं मलबारी राखी धनेश, कुर्टुक, शिपाई बुलबुल, निखार, स्वर्गीय नर्तक, रानकोंबडा, तुरेवाला सर्पगरुड मिळतील, आणि धीर असेल तर मलबार ट्रोगन. ट्रोगन लाल पोटाचा असूनही दिसत नाही, कारण तो पाठ करून तासन्‌तास हलत नाही.

जंगलात नवख्याचा हिरमोड होतो. तासभर एक पक्षी दिसत नाही, आणि मग पाच मिनिटांत आठ-दहा जातींचे पक्षी डोक्यावरून सरकत जातात. हा मिश्र थवा. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र फिरतात, एकानं हलवलेले किडे दुसऱ्याला मिळतात, आणि शिकाऱ्यावर नजर ठेवायला डोळे वाढतात. थवा आला की पळू नका. आहात तिथंच थांबा, फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि दिसेल ते तोंडानं बोलत जा: ‘निखार नर दोन, नाचण एक, सुतार...’ लिहायला वेळ मिळत नाही. फोटो एक-दोघांचेच काढा, बाकी डोळ्यानं बघा. उजेड कमी असतो, शटर १/२५० पर्यंत उतरवावं लागतं, म्हणून खांदा झाडाला टेकवा.

दुसरी युक्ती म्हणजे झाड शोधणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा, पळस फुलतात. वड, उंबर, नांदरूक फळतात. फळलेल्या झाडाखाली दोन तास बसणं हे दहा किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त देतं. हरियाल इथेच मिळतो. पानांत इतका मिसळतो की फळ हललं की मगच कळतं.

बसायला सोय हवी असेल तर लोंढा, रामनगरवरून गणेशगुडीला जा. तिथं पक्ष्यांसाठी पाण्याची कुंडं ठेवलेली जागा फोटोवाल्यांत प्रसिद्ध आहे. दांडेलीच्या आसपास धनेशाच्या चार जाती आढळतात. पण धनेशाचं घरटं सापडलं तर मागं फिरा. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फटीतून चोच तेवढी बाहेर. अंडी आणि पिल्लांच्या सगळ्या काळात नर चारा आणतो. तुम्ही खाली उभे राहिलात तर तो लांबच्या फांदीवर चोचीत फळ धरून बसून राहतो, आणि आत दोन-तीन जीव उपाशी राहतात. हे मी एकदा लांबून पाहिलंय. ढोलीखाली थांबलेल्या लोकांनी फोटो काढले आणि ते निघून गेले, आणि मला ते आजही सलतं. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बिळापुढं कॅमेरे मांडतात, तेही मला मान्य नाही. घरट्यावरचा पक्षी पळून जाऊ शकत नाही, म्हणूनच तर तो फोटो सोपा असतो.

आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. तो गाणं ऐकून येत नाही, हद्दीत परका आला म्हणून भांडायला येतो.

भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. गवे आणि अस्वलं आहेत, आणि कायदाही कडक आहे. घाटरस्त्यावर गाडी वळणावर उभी करू नका. जानेवारी ते मे या काळात गोचिडींपासून जपा. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली विजार, पाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर आधी अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेनं जायचं नाही.

मधला टप्पा आणि खालचं पाणी

खानापूर-असोग्याचा नदीकाठ एका सकाळचा आहे: तीन प्रकारचे खंड्ये, वेडे राघू, धोबी, तुतारी. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडत तरंगतो तेव्हा उडत्या पक्ष्याच्या फोटोचा सराव करून घ्या. तो तेवढ्यापुरता स्थिर असतो. जुलैत चिखलणीच्या वेळी गायबगळे डोक्या-मानेला केशरी होतात, हिरव्या रोपांपुढं ते रंग फार खुलतात.

नविलुतीर्थाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. यल्लम्माच्या दर्शनाला घरचे दरवर्षी जातातच, तर एक दिवस आधी निघा. धरणाच्या मागच्या पाण्यावर चक्रवाक, थापट्या, हळदीकुंकू, चित्रबलाक, शेकाटे, नदी सुरय बघा. सभोवतालच्या शेतांत कापशी, खाटीक, चंडोल, पळसमैनांचे थवे आणि माळावर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्ये. गाडीतून उतरू नका. शेतातले पक्षी गाडीला भीत नाहीत, दार उघडलं की उडतात. काचेवर उशी ठेवून भिंग टेकवा, इंजिन बंद करा.

घटप्रभेकाठी धुपदाळचं पक्षी अभयारण्यही याच हंगामात करा. मिरज-बेळगाव मार्गावरच्या घटप्रभा स्थानकावर उतरलात तर ते जवळ आहे. मध्य आशियातून येणारे कांड्या करकोचे हिवाळ्यात तिथं उतरतात. त्यांची हाक आधी ऐकू येते, मग आकाशात रांग दिसते.

कॅमेरा कुठं बाहेर काढू नये हेही या भागात माहीत हवं. बेळगाव हे लष्कराचं गाव. कॅम्प, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचा परिसर, सांबऱ्याचा विमानतळ, किल्ल्यातला लष्करी भाग, इथं लांब भिंग रोखू नका, झाडावर कितीही चांगला पक्षी असू दे. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांपाशी फोटोला बंदी असते. पहारेकऱ्याला आधी विचारा आणि तो नको म्हणाला तर वाद न घालता खाली काठावर जा. शेतात शिरण्याआधी मालकाला हाक मारा. पीक तुडवू नका. फोटो दाखवा, पुढच्या वेळी तोच माणूस तुम्हाला घुबडाची ढोली सांगेल. आणि ती ढोली कुणाला सांगू नका. घुबड अजूनही जादूटोण्यासाठी पकडलं जातं, म्हणून घुबडाच्या फोटोसोबत नेमकी जागा कधीच टाकू नये.

घरी आल्यावर

कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवून ठेवा, नाहीतर फोटो कुठल्या फेरीतला हे कळत नाही. त्याच रात्री फोटो उतरवा, फोल्डरला ‘तारीख-जागा’ असं नाव द्या, हललेले पुसा. मात्र न ओळखलेल्या पक्ष्याचा फोटो कितीही वाईट असला तरी ठेवा. दोन ठिकाणी प्रत ठेवा. वहीवरून यादी चढवा, पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्यापुढं लाल पेन्सिलीनं क्रमांक लिहा.

जांबोटीकडच्या पावसात एक हंगाम भिंग कातडी पिशवीत राहिलं तर बुरशी धरते. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते दाणे तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. बाहेरून आल्यावर भिंग लगेच डब्यात कोंडू नका, आधी पंख्याखाली कोरडं होऊ द्या.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकाच वेळी पक्षीगणना होते. भारत त्यात २०१३ पासून आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे आणि ईबर्डवर चढवायचे, एवढंच. पहिल्या वर्षी दोन सकाळी व्हॅक्सिन डेपोत मोजा, तिसरी कणकुंबीला आणि चौथी नविलुतीर्थाला. नविलुतीर्थाला जायच्या दिवशी पहिल्या गाडीत जागा धरून ठेवा. माझ्या अनुभवात धरणावरची बदकं साडेनऊनंतर मधल्या पाण्यात सरकतात.